पाळीची शेवटची वर्षे : सोसणे आणि काढून टाकणे यांच्यामधली वाट



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय झाले, मराठ्यांचा माळव्यातील इतिहास झाला, आपल्या वेधशाळेविषयीही झाले. यंदा विषय कळवा असे पत्र आले तेव्हा मी तो एका ओळीत लिहून पाठवला. दोन दिवसांनी दूरध्वनी आला. विषय उत्तमच आहे, पण सभेला पुरुष मंडळीही असतात, तेव्हा शीर्षक थोडे सौम्य करता येईल काय, अशी विचारणा होती. मी नाही म्हटले, आणि संयोजकांनीही मग आग्रह धरला नाही. त्याबद्दल त्यांची मी ऋणी आहे. ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी तरी शीर्षक बदलले नसते. शरीरविज्ञानाच्या पुस्तकातील जो धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देण्याची सार्वत्रिक प्रथा होती, तो बाई फळ्यावर आकृती काढून शिकवीत असत.

पाळी सुरू होण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ शब्द आहेत. कावळा शिवला, बाहेरची झाली, अडचण आली. ती संपण्याविषयी मात्र एकच शब्द आहे, ‘गेली’. आणि सुरू असणे व जाणे यांच्यामध्ये चार ते आठ वर्षांचा जो काळ असतो, त्याला आपल्या बोलीत नावच नाही. शास्त्रीय मराठीत आपण त्याला रजोनिवृत्तिपूर्व संक्रमणकाळ म्हणतो, पण हा शब्द कोणी स्वयंपाकघरात उच्चारील असे नाही. तिथे म्हणतात, ‘अंगावरून फार जातं हो हल्ली.’ आणि ऐकणारी म्हणते, ‘वयच आहे ते.’ गेली तीस वर्षे याच शहरात मी स्त्रीरोगांची चिकित्सा करीत आहे. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीच्या रक्तस्रावाला घरातून मिळते ते उत्तर ‘सोस’ हे, आणि दवाखान्यातून वारंवार मिळते ते ‘काढून टाका’ हे. या दोहोंच्या मधली वाट बरीच रुंद आहे. आज तीच मला आपल्यापुढे मांडायची आहे.

प्रथम साधारण म्हणजे काय ते पाहू. सुश्रुतसंहितेत पाळीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितला आहे, आणि दोन हजार वर्षांनंतरही त्यात फार फेरफार करावा लागत नाही. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरीने शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास थांबते. पाश्चात्त्य देशांत ही सरासरी एकावन्नची आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असे म्हणावयाचे, त्याआधी नाही. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून दुसरीच्या पहिल्या दिवसापर्यंत २४ ते ३८ दिवस, आणि स्राव आठ दिवसांपर्यंत, हे सारे साधारणच. अठ्ठावीस दिवसांचा हिशोब ही सरासरी आहे, नियम नव्हे.

रक्त किती जावे? १९६६ मध्ये हॉलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरातील ४७६ स्त्रियांचे रक्त प्रत्यक्ष मोजले. एका पाळीत ८० मिलिलिटरहून अधिक रक्त जाणाऱ्या स्त्रियांत रक्तक्षय स्पष्ट वाढलेला दिसला, आणि तेव्हापासून ८० हा आकडा पाठ्यपुस्तकांत रूढ झाला. घरी मोजमाप कोण करणार? म्हणून मी वेगळे प्रश्न विचारते. दोन तासांच्या आत पॅड बदलावे लागते का? रात्री त्यासाठी उठावे लागते का? रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी जातात का? त्या दिवसांत लग्नाला, प्रवासाला जाणे टाळता का? यांतील एकाचे जरी उत्तर होय असेल, तरी स्राव जास्त आहे. आज शास्त्रही मिलिलिटरपेक्षा हीच व्याख्या अधिक मानते : ज्या स्रावाने स्त्रीच्या जगण्यात अडथळा येतो तो अतिरिक्त स्राव.

उज्जैन हे कालगणनेचे गाव. प्राचीन ज्योतिर्विदांनी आपली मध्यरेखा याच नगरातून नेली. अशा गावातल्या बायकांना पाळीची तारीख विचारली की ‘एकादशीच्या आसपास’ किंवा ‘नंदेकडे गेले होते तेव्हा’ असे उत्तर येते, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. भिंतीवर कालनिर्णय असतेच. दुधाचा खाडा मांडतो त्याच चौकोनात स्राव झाला त्या दिवशी एक लाल ठिपका द्यावा, फार झाला तर दोन. सहा महिन्यांचे असे ठिपके घेऊन आलेली स्त्री मला हजारो रुपयांच्या तपासण्यांपेक्षा अधिक सांगून जाते. का, ते आता पाहू.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन्ही बीजकोशांत मिळून दहा ते वीस लाख बीजपुटके असतात. पाळी सुरू होईपर्यंत त्यांतील तीन-चार लाख उरतात. सगळ्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडणारी बीजे चारपाचशेच. बाकीची न वापरताच विरून जातात. शेवटच्या पाळीच्या सुमारास शिल्लक राहते ती हजाराच्या आसपास. हा साठा संपत आला की त्याची पहिली बातमी मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीला लागते. बीजपुटके इन्हिबिन नावाचे एक संप्रेरक तयार करतात. ‘पुरे, आता जोर लावू नका’ असा त्याचा पियूषिकेला निरोप असतो. पुटके कमी झाली की निरोप क्षीण होतो, आणि पियूषिका आपले पुटकोत्तेजक संप्रेरक, ज्याला प्रयोगशाळेच्या कागदावर एफ. एस. एच. म्हणतात, ते अधिकाधिक सोडू लागते.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. पुढे मात्र एक गैरसमज आहे आणि तो सुशिक्षितांत अधिक आहे. चाळिशीनंतर इस्ट्रोजन हळूहळू उताराला लागते, जणू दिव्यातले तेल संपत जावे, असे मासिकांतून वर्षानुवर्षे छापून आले. प्रत्यक्षात तसे होत नाही. वाढलेल्या एफ. एस. एच.च्या रेट्याखाली उरलेली पुटके घाईघाईने, कधी दोनतीन एकदम, वाढू लागतात आणि इस्ट्रोजन काही महिन्यांत तारुण्यातल्यापेक्षाही वर जाते. पुढच्या महिन्यात ते एकदम खाली येते, मग पुन्हा वर. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेत नॅनेट सॅन्टोरो यांनी आणि कॅनडात जेरिलिन प्रायर यांनी हा चढउतार पुढे आणला. तेल संपणाऱ्या दिव्यापेक्षा वादळी रात्री कमीजास्त होणाऱ्या विजेच्या दाबाची उपमा अधिक योग्य ठरेल. खरोखर कमी पडते ते दुसरे संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन. बीज फुटून बाहेर पडले तरच त्याच्या जागी पीतपिंड तयार होतो, आणि पीतपिंड तयार झाला तरच प्रोजेस्टेरॉन मिळते. या वयात पुष्कळ महिने बीज बाहेर पडतच नाही.

त्याने काय बिघडते? गर्भाशयाचे अस्तर म्हणजे उत्सवाचा मांडव आहे असे समजा. इस्ट्रोजन मांडव उभारते, वासे बांधते, कापड चढवते. प्रोजेस्टेरॉन येते ते दोन कामांसाठी : वाढ थांबवून मांडव आतून सजवावयाचा, आणि पाहुणा आला नाही तर ठरल्या दिवशी निघून जावयाचे. त्याचे जाणे हाच मांडव उतरवण्याचा हुकूम. तो मिळाला की सगळा मांडव एकाच दिवशी, शिस्तीने खाली येतो आणि जागा स्वच्छ होते. निरोगी पाळी ती हीच. १९४० मध्ये अमेरिकेत मार्की या शास्त्रज्ञाने ती डोळ्यांनी पाहिली. माकडिणीच्या गर्भाशयाच्या अस्तराचे कण त्याने तिच्याच डोळ्याच्या पुढल्या पोकळीत रुजवले आणि पारदर्शक बुबुळाच्या खिडकीतून तो महिनोन्‌महिने पाहत राहिला. संप्रेरके घटताच अस्तरातल्या नागमोडी रक्तवाहिन्या आवळत, अस्तर फिके पडे, आणि मग रक्त येई. म्हणजे पाळीत रक्त येण्याइतकेच ते थांबवण्याचेही यंत्र आत बसवलेले असते.

आता हुकूम देणाराच आला नाही तर? मांडव वाढतच राहतो. दोन महिने पाळी नाही, तीन महिने नाही, घरचे समजतात गेली. मग एक वासा इकडे कोसळतो, कापड तिकडे फाटते. एका कोपऱ्यातून रक्त सुरू होते, तो कोपरा भरेपर्यंत दुसरा सुटतो. आणि आवळून धरणाऱ्या रक्तवाहिन्यांची ती सुसूत्र क्रिया घडत नाही म्हणून स्राव पंधरा दिवस, महिनाभर चालतो. हे दुबळ्या शरीराचे लक्षण नाही, उष्णतेचे नाही, आणि पूर्वी कधी विटाळ पाळला नाही त्याचे तर नाहीच नाही.

म्हणूनच एका दिवशी रक्त काढून संप्रेरकांची पातळी मोजण्यात या वयात फारसा अर्थ नसतो. अनेक भगिनी जाडजूड फाइल घेऊन येतात. मार्चमध्ये एफ. एस. एच. तीस, मेमध्ये सात. मार्चमध्ये त्यांना सांगितलेले असते की पाळी संपली, मेमध्ये सांगितलेले असते की सारे ठीक आहे. दोन्ही आकडे खरे असतात, दोन्ही निष्कर्ष चूक. या काळाच्या पायऱ्या ठरवण्यासाठी तज्ज्ञांची एक परिषद २००१ मध्ये अमेरिकेत भरली आणि दहा वर्षांनी तिने आपले निकष सुधारले. त्यात पहिला मान पाळीच्या अंतराला आहे. लागोपाठच्या पाळ्यांत सात किंवा अधिक दिवसांचा फरक वारंवार पडू लागला की संक्रमण सुरू झाले. साठ दिवसांचा किंवा त्याहून मोठा खंड पडू लागला की ते उत्तरार्धात आले. रक्तातील पातळी ही पूरक. कालनिर्णयावरच्या लाल ठिपक्यांचे मोल हे असे आहे.

मग कोणत्या तपासण्या कराव्यात? हिमोग्लोबिन, थायरॉइड, पोटाची सोनोग्राफी, आणि गर्भधारणेची साधी लघवी-तपासणी. ही शेवटची सांगितली की पंचेचाळीस वर्षांची स्त्री लाजून हसते, सोबत सून असेल तर फारच. पण बीज क्वचित बाहेर पडते याचा अर्थ कधीच पडत नाही असा होत नाही. निसर्गाला सुनेचा संकोच नसतो.

इतका वेळ मी संप्रेरकांविषयी बोलले. पण या वयातील प्रत्येक रक्तस्राव संप्रेरकांचा नसतो. २०११ मध्ये प्रसूति व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने कारणांची वर्गवारी केली. एका बाजूस डोळ्यांना किंवा सूक्ष्मदर्शकाला दिसणारी कारणे : अस्तराचा मोड, भिंतीत शिरलेले अस्तर, फायब्रॉइडच्या गाठी, कर्करोग आणि त्याची पूर्वावस्था. दुसऱ्या बाजूस न दिसणारी : रक्त गोठण्यातील दोष, बीजमोचनातील अनियमितता, अस्तराचाच दोष, औषधांचे परिणाम. ‘संप्रेरकांचा बिघाड’ हे निदान पहिल्या बाजूकडे नीट पाहून झाल्यावर करावयाचे असते. प्रोजेस्टेरॉनचा लगाम नसलेले इस्ट्रोजन दीर्घकाळ राहिले तर काय होते, याचा धडा १९७५ मध्ये मिळाला. अमेरिकेत लाखो स्त्रियांना पाळी गेल्यावर नुसते इस्ट्रोजन दिले जात होते. त्यांच्यात गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कितीतरी पट अधिक आढळल्याचे त्या वर्षी प्रसिद्ध झाले. औषधाने जे घडले ते काही स्त्रियांत, विशेषतः वजन व मधुमेह असणाऱ्यांत, शरीरातच घडते. यासाठी चाळिशीनंतर अनियमित स्राव होत असेल तर अस्तराचा लहानसा नमुना तपासावा असे आपल्याकडील तज्ज्ञ सांगतात. पूर्वी त्यासाठी भूल देऊन क्युरेटिंग करावे लागे. आता बारीक नळीने बहुधा बाह्यरुग्ण कक्षातच काम होते. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग जरी दिसला तरी थांबू नये. अशा सुमारे दहा स्त्रियांत एकीला कर्करोग निघतो. बाकी नऊजणींना नसतो, ही दिलाशाची बाजू आहे. पण आपण त्या नऊंत आहोत हे घरी बसून ठरत नाही.

आपल्या देशात तर याहून मोठा शत्रू आहे तो पिशवीच्या तोंडाचा कर्करोग. संबंधानंतर रक्त येणे, मध्येच येणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे ही त्याची लक्षणे, आणि तीही नेमकी ‘वयच आहे’ या वाक्याखाली झाकली जातात. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहकार्याने ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचा एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात केवळ एकदा विषाणूची तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले. मराठवाड्यातल्या खेडोपाडीच्या स्त्रियांनी जगाला दिलेले हे ज्ञान आहे, आणि माळव्यातल्या आपण सुशिक्षित स्त्रिया आतून तपासून घ्यायला अजून संकोचतो.

हा संकोच किती खोल आहे? डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो लेख १९८९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आला. शंभरांतील ९२ जणींना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी कोणाकडून आतली तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. तो काळ आणि ती गावे वेगळी, हे मान्य. पण ‘सोस’ या एका शब्दाचा हिशोब मांडायचा तर याहून चांगला आकडा मला ठाऊक नाही.

सोसण्याची किंमत लोहात मोजता येते. एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. पाळीत ८० मिलिलिटर गेले तर ४० मिलिग्रॅम, १५० गेले तर ७५. आपले आतडे अन्नातून दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅमच शोषते, आणि शरीराच्या रोजच्या झिजेलाही त्यातलेच द्यावे लागते. महिन्याची जमा तीस ते साठ आणि खर्च पंचाहत्तरांच्या वर : असा संसार किती वर्षे चालेल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांत ५७ जणींना रक्तक्षय आढळला. मध्य प्रदेशात सुमारे ५५. जिना चढताना धाप लागते, केस गळतात, चिडचिड होते, आणि घरात म्हणतात हिचा स्वभावच बदलला. स्वभाव तोच असतो, हिमोग्लोबिन सात असते.

आता उपचार. पहिला सर्वांत साधा आहे आणि त्याचा इतिहास मला फार आवडतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो हे दांपत्य रक्तस्राव थांबवणारे औषध शोधीत होते. साधने तुटपुंजी, आणि पाळणाघर मिळेना म्हणून उताकोबाई मुलीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत उभ्या राहत. १९६२ मध्ये त्यांनी ट्रॅनेक्झॅमिक आम्ल जगापुढे ठेवले. बनलेली गुठळी विरघळू न देणे एवढेच त्याचे काम. संप्रेरकांना ते हात लावीत नाही, स्रावाच्या चारपाच दिवसांपुरतेच घ्यावयाचे, आणि स्राव जवळजवळ निम्म्यावर येतो. रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा पूर्वेतिहास असेल तर मात्र ते वर्ज्य.

दुसरा उपाय म्हणजे मांडवाला हुकूम देणारा बाहेरून आणणे, अर्थात प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या गोळ्या. त्या ठरावीक दिवस घ्याव्या लागतात, आणि बंद केल्यावर पाळीसारखा स्राव होतो, जो व्हायलाच हवा. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते. श्रावणातली महाकालाची सवारी, घरचे गौरीगणपती, सिंहस्थाचे स्नान यांसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या याच जातीच्या असतात, आणि आपल्या घरांतून त्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घेतल्या जातात. श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही. पण वर्षातून चारपाच वेळा असे करणाऱ्या स्त्रीची पाळी चाळिशीत बिघडली, तर संप्रेरकांनी बिघडली की गोळ्यांनी, हे मलाही कळेनासे होते.

तिसरा उपाय फिनलंडमध्ये तापानी लुक्काइनेन यांनी सिद्ध केला आणि १९९० मध्ये तिथे बाजारात आला. तांबीसारखेच साधन, पण तांबे नसलेले. ते रोज अगदी अल्प प्रोजेस्टिन थेट गर्भाशयाच्या अस्तरावर सोडते आणि पाच वर्षांहून अधिक काळ काम देते. वर्षभरात स्राव नव्वद टक्क्यांपर्यंत घटतो. पहिले चारसहा महिने थेंबथेंब डाग लागतात. हे आधी सांगितले नाही तर बाई ते काढून टाकायला येते, आणि सांगितले तर बहुधा येत नाही. चौथा उपाय आपल्या घरचा आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत डॉ. नित्यानंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑर्मेलोक्सिफिन हे द्रव्य तयार केले. १९९१ मध्ये ते ‘सहेली’ या नावाने संततिनियमनासाठी आले आणि २०१६ पासून शासकीय कार्यक्रमात ‘छाया’ म्हणून दिले जाऊ लागले. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यावयाची ही गोळी अस्तरावर इस्ट्रोजनचा जोर चालू देत नाही, म्हणून अतिरिक्त स्रावावरही आपल्याकडे वापरली जाते. कोणाला कोणता उपाय हे तपासून ठरवावयाचे. इथे बसून कोणी नावे टिपून घेऊ नयेत. लोहाच्या गोळ्या मात्र प्रत्येक उपायासोबत येतात. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही तीन महिने.

एवढे सारे हाताशी असता ‘काढून टाका’ हे उत्तर इतके सोपे का झाले? मला वाटते याचे मूळ शब्दांतच आहे. उज्जैनच्या मराठी घरांत आपण मराठी बोलतो, पण डॉक्टरांपुढे बसलो की हिंदीवर येतो. गर्भाशयाला मराठीत आपण ‘पिशवी’ म्हणतो, हिंदीत ‘बच्चेदानी’. दोन्ही शब्द भांड्याचे. मुले झाली, भांडे रिकामे झाले, आता ते गळते. मग ठेवायचे कशाला, असा विचार त्या शब्दांतून आपोआप येतो. त्यात कोणी ‘पुढे कॅन्सर होईल’ एवढे म्हटले की बाई स्वतःच तारीख मागते.

हा विचार टोकाला गेला म्हणजे काय होते ते मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यात दिसले. तिथून दर वर्षी लक्षावधी मजूर ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली. एक दिवस काम चुकले तर खाडा, म्हणजे दंड. कोपीत न्हाणीघर नाही, फडात आडोसा नाही. पाळीत अंगावरून फार जाते म्हणून दोन दिवस निजणे परवडणारे नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाने विधिमंडळात सांगितले, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. सहांत एक. त्यांतल्या अनेकजणी चाळिशीच्याही आतल्या, म्हणजे ज्या काळाविषयी मी बोलते आहे तो त्यांच्या आयुष्यात यायचाच होता. गर्भाशय काढल्याने खाडा वाचला, पण शस्त्रक्रियेचे कर्ज फेडायला पुन्हा त्याच फडात जावे लागले.

हा केवळ बीडचा प्रश्न नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांत तीनहून थोड्या अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली, आणि ती झाली तेव्हाचे मध्यक वय होते ३४. सर्वेक्षण ४९ पर्यंतच्याच स्त्रियांचे होते हे ध्यानात घेऊनही हा आकडा अस्वस्थ करणारा आहे. निम्म्याहून अधिक जणींनी कारण सांगितले ते अतिरिक्त रक्तस्राव वा वेदना. राजस्थानातील डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी याविषयी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिचा निकाल ५ एप्रिल २०२३ रोजी लागला. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत असा आदेश झाला. त्यानुसार जिल्हापातळीवरही देखरेख समित्या अपेक्षित आहेत.

मी शस्त्रक्रियेच्या विरुद्ध बोलते आहे असे कोणी समजू नये. कर्करोगात, नाभीपर्यंत वाढलेल्या गाठींत, सर्व उपाय थकल्यावर, गर्भाशय काढणे हाच योग्य मार्ग असतो आणि मी स्वतः तो अनेकींना सुचवते. माझे म्हणणे क्रमाविषयी आहे. आणि बीजकोशांविषयी विशेष. ‘पिशवी काढताना सोबतचे तेही काढून टाका’ असे नातेवाईक सहज म्हणतात, जणू घर रिकामे करताना माळाही झाडून घ्यावा. पाळी जाण्यापूर्वी दोन्ही बीजकोश काढले तर एका रात्रीत रजोनिवृत्ती येते. हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. नुसते गर्भाशय काढून बीजकोश ठेवले तरी त्यांचे काम काही वर्षे लवकर थांबू शकते. तेव्हा शस्त्रक्रिया सुचवली गेली तर चार गोष्टी विचारून घ्याव्यात : अस्तराचा नमुना तपासला का, औषधे किती महिने दिली, बीजकोश राहणार की जाणार, आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला हरकत आहे का. शेवटच्या प्रश्नावर जे डॉक्टर रागावतील त्यांच्याकडे ही शस्त्रक्रिया करू नये, हे मी एक डॉक्टर म्हणून सांगते.

सभेतल्या पुरुषांना एक विनंती. दवाखान्यात सोबत येऊन आपण बाहेर स्कूटरपाशी थांबता. आत या. पत्नीला काय होते हे सांगताना ती निम्मे गाळते. तिने किती वेळा रात्री उठून चादर बदलली हे आपल्याला ठाऊक असते. अनेकदा मला निदानाची दिशा नवऱ्याच्या एका वाक्याने मिळालेली आहे.

व्याख्यानानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी राखला आहे. व्यासपीठाच्या उजव्या हाताला एक पेटी आणि कोरे कागद ठेवले आहेत. चिठ्ठीवर नाव घालू नये. वय, पाळीचे अंतर आणि स्रावाचे दिवस तेवढे लिहावेत. ज्या चिठ्ठ्यांची उत्तरे आज होणार नाहीत, त्यांची मी लिहून देईन आणि शाळेच्या कार्यालयात ती पाहायला मिळतील.